सहा जणांचे बिल



गेल्या महिन्यातील एका सोमवारी रात्री दहाच्या सुमारास, लोअर परळ येथील एका हॉटेलच्या गच्चीवर, मंद दिव्यांच्या उजेडात बुटक्या सोफ्यांवर बसलेल्या सहा जणांत आपल्यापैकी कोणाला आपले धर्मगुरू दिसले असतील, तर आपल्या नजरेत काही दोष नाही. तो मीच होतो. अंगात साधा शर्ट होता आणि हातात बिअरचा ग्लास होता. एकच. हे आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचे शांतपणे वाचता येईल.

आम्ही सहाही जण एका गावचे, पहिलीपासून दहावीपर्यंत एकाच वर्गातले. आता सर्वांनी पंचेचाळिशी ओलांडली आहे. एक कुवेतला नोकरी करतो, तो महिनाभराच्या रजेवर आला होता. एक बँकेत अधिकारी, एक शिक्षक, एक घरबांधणीची कंत्राटे घेतो, एक वडिलोपार्जित वाडीत सोनचाफा आणि मोगरा पिकवतो, आणि सहावा मी. एरवी कोणी रजेवर आला की आम्ही त्याच्या अंगणात बसतो. या वेळी कुवेतवाल्याने फर्मान काढले, "यंदा अंगण नको. मुंबईत जाऊ, जरा उंचावर बसू. आणि फादर, तू झगा खुंटीला टांगून ये."

अशा जागेला हल्ली रूफटॉप लाऊंज म्हणतात. ते धड जेवणाचे हॉटेल नव्हे आणि गुत्ता तर नव्हेच. ती बसण्याची जागा. पैसे बहुधा बसण्याचे आणि वाऱ्याचे घेतात. पण वारा होता, हे कबूल केले पाहिजे. एका बाजूला वरळीचा समुद्र आणि २००९ साली सुरू झालेल्या सागरी सेतूचे दिवे, दुसऱ्या बाजूला खाली लोकल गाड्यांची ये-जा. संगीत हळू होते, त्यामुळे बोलता येत होते. शिक्षक मित्राचे वडील याच भागातील एका गिरणीत कामाला होते. १९८२ च्या संपानंतर ते कायमचे घरी आले. त्याने अंधारात उभे असलेले एक धुराडे बोटाने दाखवले, "बाबांचे नसेल, पण असेच होते." क्षणभर कोणी बोलले नाही. मग कंत्राटदाराने आमच्या गणिताच्या मास्तरांची नक्कल केली आणि शेजारच्या टेबलावरचे लोक वळून पाहतील इतके आम्ही हसलो. कितीतरी वर्षांत मी असा हसलो नव्हतो.

घरून निघताना आईने फोनवर बजावले होते, "वर गेलास की आधी उतरायचा जिना कुठे आहे तो बघून ठेव." ती २०१७ च्या डिसेंबरातील कमला मिलची आग विसरलेली नाही. गच्चीवरच्या हॉटेलांत लागलेल्या त्या आगीत १४ जण गेले. मी जिना बघून ठेवला होता.

धर्मगुरूने अशा ठिकाणी जावे काय, हा प्रश्न काहींच्या मनात येईल. मला विचाराल तर तो आजच्या लेखातला सोपा प्रश्न आहे. संत थॉमस अक्विनस यांनी आपल्या 'सुम्मा' या महाग्रंथात खेळ, विनोद आणि मनाची विश्रांती यांवर स्वतंत्र विवेचन केले आहे. शरीर थकते तसे मनही थकते, आणि मनाला विसावा आनंदातच मिळतो, असे ते म्हणतात. योग्य मर्यादेत आनंद करता येणे हा त्यांच्या मते सद्‌गुण आहे. उलट जो स्वतः कधी हसत नाही आणि दुसऱ्यांच्या हसण्यातही खोडा घालतो, त्याच्या ठिकाणी ते दोष पाहतात. सेमिनरीत हा भाग शिकताना आम्ही फार खूश झालो होतो. शिवाय काना गावचे लग्न आहेच. योहानाने दिलेल्या मापांवरून हिशेब केला तर त्या सहा रांजणांत साधारण पाचशे लिटर किंवा त्याहूनही अधिक पाणी होते, आणि ते सगळे द्राक्षारस झाले. प्रभूला लोकांच्या आनंदाचे वावडे नव्हते. कानाकडे मी पुन्हा येणार आहे.

माझा प्रश्न त्या रात्रीच्या शेवटच्या दहा मिनिटांचा आहे.

आमच्या फुलवाल्या मित्राने रात्रभर लिंबू सोडा घेतला. "पहाटेच्या पहिल्या गाडीने दादरला फुले न्यायची आहेत," असे तो म्हणाला, आणि ते खरेच होते. खाण्याच्या बशा आल्या की तो एखादा तुकडा उचलायचा आणि बशी पुढे सरकवायचा. बाकीच्यांनी मागवले, पुन्हा मागवले, कुवेतवाल्याने काहीतरी महागडे सगळ्यांना चाखायला लावले. बिल आले ते करांसकट १४,७०० रुपये. बँकवाल्याने मोबाइल काढला. मी उगीचच खिशाकडे हात नेला. तेव्हा चौघे एकदम म्हणाले, "फादर, तुझे नको." फुलवालाही म्हणाला. मी हात परत घेतला. बँकवाल्याने पाचांनी भागले, "प्रत्येकी २,९४०." सर्वांनी तिथल्या तिथे त्याला पैसे पाठवले. फुलवाल्याने चष्मा लावून, सावकाश आकडे दाबत पाठवले. आम्ही शेवटची विरार गाडी पकडली.

पुढे तीन आठवड्यांनी त्याच्या आईच्या वर्षदिनाची मिस्सा अर्पण करायला मी गावी गेलो. मिस्सेनंतर त्याच्या घरी चहा झाला. तो वाडीत पंप बंद करायला गेला असताना वहिनी बोलता बोलता म्हणाल्या की, अवकाळी पावसाने कळ्या गळाल्या, त्यातच मुंबईचा तो खर्च आला, म्हणून मुलीच्या नर्सिंग कॉलेजच्या फीचा हप्ता आठ दिवस लांबला. त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. मला हे सारे ठाऊकच असणार असे त्यांना वाटले होते. चहा संपेपर्यंत मला काय बोलावे ते सुचेना.

पुण्यात शिकत असताना मी तिथल्या मुलांकडून 'टीटीएमएम' हा शब्द शिकलो होतो. तुझे तू, माझे मी. आम्हा वसईकरांना तेव्हा तो कंजूषपणा वाटायचा. आमच्यात एक तर एकजण सगळ्यांचे देतो, नाहीतर सगळे सारखे वाटून घेतात. सारखे वाटले म्हणजे न्याय झाला, असे आपण धरून चालतो. पण ॲरिस्टॉटल तसे म्हणत नाही. वाटणी करताना दोन प्रकारची समानता असते, हे त्याने फार पूर्वी दाखवून दिले. एक अंकगणिताची, तीत सर्वांना एकच आकडा. दुसरी प्रमाणाची, तीत माणूस पाहून आकडा. पहिली मोजायला सोपी, म्हणून आपण तिलाच न्याय म्हणतो. बँकवाला मित्र दुष्ट नाही. त्याने फक्त भागाकार केला.

प्रभू येशूने सांगितलेला द्राक्षमळ्याचा दाखला या ठिकाणी मला वेगळाच दिसू लागला. दिवसभर राबलेल्याला आणि संध्याकाळी तासभर काम केलेल्याला मळ्याच्या धन्याने एकच मजुरी दिली. अंकगणिताने पाहिले तर ते आम्ही केले तसेच आहे. पण त्या धन्याच्या समानतेमागे नजर होती. एक दिनार म्हणजे त्या काळची एका दिवसाची मजुरी. संध्याकाळी कामाला लागलेल्याच्याही घरी तेवढ्याच भाकऱ्या लागतात, हे त्याने पाहिले होते. आमच्या समानतेमागे फक्त घाई होती.

मग काय करायला हवे होते? माझा पहिला विचार हा की, आम्ही त्याचे पैसे भरायला हवे होते. मी वाडीत गेलो आणि त्याला तसे म्हटले. तो पाण्याची नळी गुंडाळत होता.

"तू माझे पैसे भरले असतेस तर मी पुन्हा आलो नसतो," तो म्हणाला. "त्या रात्री मी तुमच्यातला एक होतो. फुकट बसवले असते तर मी तुमचा गरीब मित्र झालो असतो."

"मग तू जे खाल्लेस तेवढेच द्यायचे होतेस. सोड्याचे."

"सगळ्यांसमोर सोड्याचे वेगळे काढायला लावू?"

"मग आम्ही काय करायचे होते?"

"विचारायचे होते. आधी."

ठिकाण चौघांनी फोनवर ठरवले होते. मला तारीख विचारली होती, कारण फादरच्या मिस्सा असतात. त्याला तारीखही विचारली नाही, ठिकाणही नाही. कळवले फक्त. त्याने जायचे नाही असे ठरवले असते तर कारण द्यावे लागले असते. म्हणून तो आला.

मी परतीच्या बसमध्ये याच्यावर विचार करीत बसलो. बिल टेबलावर आल्यानंतर आमच्यापुढे जेवढे मार्ग होते, त्यातला एकही धड नव्हता. सारखे वाटावे तर त्याच्या मुलीची फी अडते. आम्ही भरावे तर त्याचा मान जातो. वेगवेगळे काढावे तर त्याची सोड्याची पावती सगळ्यांपुढे येते. नीतिशास्त्राच्या वर्गात आम्ही अशा पेचांवर तासन्‌तास वाद घालत असू, जणू माणूस पेचात आकाशातून पडतो. पण या पेचात आम्ही चालत आलो होतो, लिफ्टने वर चढून. चूक झाली होती ती तीन आठवडे आधी, फोनवर. बिल आले तेव्हा न्याय करायला उशीर झालेला होता.

शिक्षक मित्राचे वडील गिरणीत असताना खानावळीत जेवत. महिन्याचे पैसे सर्वांना सारखे, ताटही सर्वांना सारखे. तिथे सारख्या वाटणीने कोणी दुखावत नसे. कारण ताटच मुळी गिरणी कामगाराच्या खिशाच्या बेताने वाढलेले असे. सारखी वाटणी वाईट नाही. ज्याचा खिसा सर्वांत पातळ, त्याच्या मापाने जागा निवडली असेल तर ती फार चांगली आहे, त्यात कोणालाच कोणाचे उपकार वाटत नाहीत. आम्ही जागा निवडली ती सर्वांत जाड खिशाच्या मापाने, आणि वाटणी केली खानावळीची.

आता काना. त्या लग्नात द्राक्षारस संपत आला, हे सर्वांत आधी पवित्र मरियेच्या लक्षात आले. ती यजमान नव्हती, भोजनाची व्यवस्थाही तिच्याकडे नव्हती. ती पाहुणी होती, पण तिचे लक्ष होते. तिने ओरडा केला नाही, वरपित्याला बाजूला घेऊन सहानुभूतीही दाखवली नाही. पुत्राला एक वाक्य सांगितले आणि नोकरांना एक. योहान आवर्जून नोंदवतो की, भोजनाच्या कारभाऱ्याला हा द्राक्षारस कोठून आला ते कळले नाही, नोकरांना ठाऊक होते. त्या घराची लाज राखली गेली आणि ती राखली गेली हेही कोणाला कळले नाही. मी या उताऱ्यावर किमान वीस वेळा प्रवचन केले असेल. पाण्याचा द्राक्षारस झाला याकडेच माझे लक्ष असायचे. आईने वेळेत पाहिले, यावर मी कधी दोन वाक्यांपेक्षा जास्त बोललो नाही.

संत थॉमस ज्याला विवेक म्हणतात त्या सद्‌गुणाचा दूरदृष्टी हा एक भाग आहे. विवेकी म्हणजे दूरवर पाहणारा, अशी त्या लॅटिन शब्दाची एक जुनी फोडही ते देतात. त्या गच्चीवरून आम्ही दूरवर बरेच पाहिले. सेतू पाहिला, समुद्र पाहिला, बंद पडलेल्या गिरणीचे धुराडे पाहिले आणि हळवेही झालो. दोन हातांवर बसलेला माणूस चष्मा लावून आकडे दाबत होता, तो मला दिसला होता. पण मी पाहिला नाही.

आपण म्हणाल, फादर, हे तुमच्या मित्रांचे झाले, आमच्या धर्मग्रामाचा इथे काय संबंध? संबंध आहे. करिंथ येथील ख्रिस्ती समुदायाला संत पौलाने लिहिलेल्या पहिल्या पत्राचा अकरावा अध्याय घरी काढून वाचा. तेव्हा चर्चच्या इमारती नव्हत्या. श्रद्धावंत एखाद्या सधन बांधवाच्या घरी जमत, जेवत आणि प्रभुभोजन साजरे करीत. ज्यांच्याकडे होते ते आधी खाऊन-पिऊन तृप्त होत आणि ज्यांच्याकडे नव्हते ते उपाशी राहत. पौल संतापला आहे तो केवळ भुकेमुळे नाही. ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना तुम्ही लाजवता, हा त्याचा मुख्य आक्षेप आहे. आणि पवित्र मिस्साबलिदानाच्या स्थापनेचे जे वर्णन आपण आज वेदीवर ऐकतो, ते त्याने याच रागाच्या भरात, याच पत्रात लिहून ठेवले आहे.

गेल्या वर्षी आपल्या युवकांची सहल निघाली. प्रत्येकी आठशे रुपये, सर्वांना सारखे. परिपत्रकावर सही माझी होती. नऊ जण आले नाहीत. कोणाला ताप होता, कोणाची परीक्षा होती. पुढच्या रविवारी मी वेदीवरून बोललो की, आजच्या तरुणांना चर्चचे काही पडलेले नाही. ते वाक्य मी आज परत घेतो. नऊपैकी काहींना खरोखर कंटाळा आला असेल, तेही शक्य आहे. पण आठशे रुपयांविषयी मी कोणालाही आधी विचारले नव्हते, आणि ताप आला असे सांगणाऱ्या एका मुलाला मी त्याच संध्याकाळी मैदानावर फुटबॉल खेळताना पाहून मनातल्या मनात खोटारडा ठरवले होते. लग्नांतल्या पाकिटांचे, बाप्तिस्म्याच्या हॉलचे, पहिल्या ख्रिस्तशरीर स्वीकाराच्या पोशाखांचे असेच काही चाललेले असते. ते मी लांबवत नाही, आपण माझ्यापेक्षा जास्त जाणता.

सणाच्या वर्गणीबाबत मी समितीला एक सुचवले आहे. ठराविक रकमेऐवजी प्रत्येक घरी कोरे पाकीट जावे, त्यावर नाव नसावे आणि यादी वाचली जाऊ नये. खजिनदारांचा याला विरोध आहे. किती जमेल हेच माहीत नसेल तर मंडप आणि बँड कोणत्या भरवशावर ठरवायचा, असे ते विचारतात. त्यांचे म्हणणे चूक नाही. चर्चा अजून चालू आहे.

राहिले माझे. "फादर, तुझे नको" हे मी अठरा वर्षे ऐकत आलो आहे, रिक्षात, हॉटेलात, लग्नात. लोक प्रेमाने म्हणतात आणि मी प्रेमाने घेतो. त्या रात्रीचा हिशेब मात्र मी नंतर कागदावर मांडला. सहांनी भागले असते तर प्रत्येकी २,४५० आले असते. पाचांनी भागल्यामुळे प्रत्येकाला ४९० रुपये जास्त पडले. म्हणजे ज्याच्या मुलीची फी थांबली, त्याने लिंबू सोडा पिऊन माझ्या बिअरचे ४९० रुपये दिले. मला ना मुलीची फी, ना घरभाडे. त्या टेबलावर सर्वांत निश्चिंत माणूस मी होतो, आणि फुकट जेवला तो मीच.

मी बँकवाल्याला २,४५० रुपये पाठवले आणि पाचांत परत वाटायला सांगितले. तो हसला, पण त्याने वाटले. चौघांनी माझी थट्टा केली आणि पैसे ठेवून घेतले. फुलवाल्याने दुसऱ्याच दिवशी मोगऱ्याच्या पुडीबरोबर एक पाकीट पाठवले. आत पाचशेची नोट होती, दहा रुपये त्याने पदरचे घातले होते, आणि चिठ्ठीत आईच्या आत्म्यासाठी एक मिस्सा मागितली होती. हा लेख मी त्याला वाचून दाखवला आहे. नाव घालू नकोस एवढेच तो म्हणाला.

ती मिस्सा येत्या गुरुवारी सकाळी साडेसहा वाजता आहे.

आपला,
धर्मगुरू